डावी बाजू

सुनेने ओला फडका पिळून बॉनेटवर टाकला, तसा सासऱ्याने पेपर खाली केला.

"आज गाडीचे एवढे लाड?"

"पॉलिश करते, बाबा. रंग पार मेलाय तिचा."

म्हाताऱ्याला तिथेच पाणी मुरताना दिसलं. गिऱ्हाईक येणार असल्याशिवाय जुन्या गाडीला कोण नटवतं? काल रात्री मुलगा आणि सून कुजबुजत होते आणि हा पाणी प्यायला उठल्यावर गप्प झाले होते. गाडी गेली की आपण घरात बसून भिंती मोजायच्या. खिशातल्या किल्लीवर त्याने मूठ आवळली.

ती स्पंजाने पॉलिश गोल गोल घासत होती, वाळलं की पुसत होती. मळकट पांढऱ्यातून खरा पांढरा वर आला. त्याचा जीव सुखावला आणि त्याचाच त्याला राग आला.

"आता जरा बाहेर काढता? डावी बाजू भिंतीला चिकटलीय."

"ती राहू दे. कोण बघतंय?"

"फाटकाचे ओरखडे माहीत आहेत मला," ती हलकेच म्हणाली. "तुम्ही दुपारी आडवे झालात की फटीतून हात घालून मीच त्यांत मेण भरते. ह्यांना दिसले तर किल्ली काढून घेतील."

म्हातारा ओशाळला. आपण हिच्यावर नाही नाही ते संशय घेत बसलो. त्याने निमूटपणे गाडी बाहेर काढली.

तिने डावा दरवाजा घासला, मग फडका उलटा करून त्याच्यापुढे धरला. त्यावर लाल रंग उतरला होता.

"हा काल हाताला लागला. आपलं फाटक हिरवं आहे, बाबा."

त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काल तो बँकेत गेला होता, येताना भाजी घेतली होती. वाटेत काही म्हणजे काही झालं नव्हतं. एखादा खांब असेल. एखादी सायकल असेल.

"कशाला लागली?" तिने विचारलं.

"मला आवाजसुद्धा आला नाही गं."

फडक्याची घडी घालून तिने डबा बंद केला.

"गाडी आत घ्यायला हवी," ती म्हणाली.

गाडीतून उतरल्यापासून मुठीत धरलेली किल्ली त्याने पुढे केली. ती त्याच्या घामाने ओली झाली होती.

"तूच घे," तो म्हणाला. "आणि भिंतीला चिकटवू नकोस."