लाइन आल्यावर

त्या हिवाळ्यात कापसाचे भाव पडले, म्हणून आम्ही कापूस न विकता समोरच्या खोलीत छातीइतका भरून ठेवला होता. त्याच खोलीत आईने एकदा इस्त्री लावली, तर सॉकेटमधून तडतड आवाज आला आणि भोकाभोवती काळा डाग पडला. कापूस तिथून हातभरच दूर होता. एक ठिणगी पुरे होती.

बाबा राळेगावला खरेदी केंद्राची चौकशी करायला गेले होते. मी कळंबहून नवीन सॉकेट आणलं. आईने टोपल्या भरभरून कापूस मागच्या भिंतीशी नेला. तेवढ्यात दुपारचं लोडशेडिंग सुरू झालं.

भिंतीपलीकडचे उकंडाकाका दारात येऊन उभे राहिले. "लाइन नाही तं आताच बदलून टाक ना, मैत्रेयी."

"नाही काका, लाइन आल्यावर करीन."

"ऐकलं का वैनी? लाइन गेली की वायरमन खांबावर चढते, अन् आपली बीएस्सी लाइनची वाट पाहून राह्यली."

आई टोपली ठेवत म्हणाली, "पाहू द्या. फिजिक्स शिकली हाये ते."

मी काकांना टेस्टर दाखवला. "हा आता पेटत नाही. पण काहून पेटत नाही? मेन पाडून तार बंद झाली म्हणून, की साऱ्या गावातच वीज नाही म्हणून? हे आता कळणारच नाही."

"लय डोकं चालवते बाप्पा," काका म्हणाले, पण गेले नाहीत.

चारच्या सुमारास पंखा फिरू लागला. सॉकेटमध्ये टेस्टर घातला, तो पेटला. म्हणजे टेस्टर चांगला होता. मग मी मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला. पुन्हा टेस्टर घातला.

तो पेटलेलाच होता.

आईने माझं मनगट धरलं. मी वर पाहिलं. सॉकेटच्या तारेची पट्टी वर जाऊन भिंतीच्या भोकातून पलीकडे, काकांच्या घरात गेली होती. बाबा आणि काका, दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा मधे भिंत घातली. खोली आमच्याकडे आली, तार मात्र काकांच्या मीटरवरच राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं तुमची इस्त्री माह्या मीटरवर?" काका म्हणाले.

"अन् तुमचे बैल आमच्या विहिरीवर. गुमान बसा भाऊजी."

काका बसले नाहीत. घरी जाऊन त्यांनी आपला मेन पाडला आणि तिथूनच ओरडले, "मी इथंच उभा हाओ. कोणाले हात लावू देत नाही."

आता टेस्टर विझला. जुनं सॉकेट काढलं. स्क्रू ढिला, तारेचं टोक जळून ठिसूळ झालेलं. ते कापलं, नवं टोक सोललं. लाल तार, काळी तार, हिरवी अर्थिंगची तार आपापल्या जागी कसली आणि प्रत्येक ओढून पाहिली. एकही हलली नाही. दोन्ही मेन चालू केल्यावर आईने स्वतः इस्त्री लावली आणि सॉकेटजवळ कान नेला. आवाज नव्हता. मग ती माझाच दुपट्टा इस्त्री करायला बसली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे भगवानराव उकंडाकाकांना विचारत होते, "आमचा बी बोर्ड गरम होते. लाइन गेल्यावर पाठवता का पोट्टीले?"

"गेल्यावर नाही," काका म्हणाले. "आमची मैत्रेयी लाइन आल्यावरच येते. काहून, ते बसा, मी सांगतो."