श्रीहर्ष हणमंतराव जाधव हजर आहे

बंगळूरमध्ये सर्जापूर रोडवरच्या त्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. साधा मिक्सर घेताना दहा जणांची मतं वाचणारी, डॉक्टरनं दिलेली गोळी आधी इंटरनेटवर तपासून मगच गिळणारी ही मंडळी आज मात्र सतरंजीवर मांडी घालून, हात जोडून बसली होती. समोर गादीवर स्मरणानंद महाराज. पुण्याहून आलेले, गोरेपान, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला पक्वान्नावर खातात तशी सुपारी खावीशी वाटावी.

"देह जळतो, नाम जळत नाही!" महाराज म्हणाले. "नाम ही आत्म्याची किल्ली. आम्ही किल्ली फिरवतो, दार आपोआप उघडतं." मग डोळे मिटून त्यांनी हात वर केला. "तनय... होस्टेलमधला तुझा मित्र आला आहे. विठोजी. म्हणतो, माझ्या वाटणीची पदवीही तूच घेतलीस रे."

पुढच्या रांगेतला तनय, पीएच.डी. झालेला, मोठ्या कंपनीतला मॅनेजर, लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. विठोजीचं नाव त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. लोकांच्या अंगावर काटा आला.

कावेरीच्या अंगावर मात्र काही येईना. ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि केवळ आईला सोबत म्हणून आली होती. तिला महाराजांचे नियमच खटकत होते. स्वतःचं आणि मृताचं नाव आठवडाभर आधी द्यायचं, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, कारण म्हणे 'नामशुद्धी' करावी लागते. शिवाय दोघांचं शिक्षण सांगायचं, कारण विद्या हे आत्म्याचं वस्त्र. सोसायटीच्या वॉचमनची बायको गेलेल्या लेकासाठी तीन वेळा येऊन रडून गेली. तो सातवीत शाळा सोडलेला. "तो आत्मा अजून पक्व नाही," असं सांगून महाराजांनी तिची बोळवण केली. महाराजांकडे येणारे आत्मे तरी पीएच.डी. झालेले असत, नाहीतर त्यांना बोलावणारे तरी.

कावेरीचा भाऊ श्रीहर्षही पीएच.डी. होता. त्यानं अनुषाशी लग्न केलं, ती जातीतली नव्हती, आणि त्याच्या आईनं, अहल्याबाईंनी, त्याला दारातच सुनावलं, "माझ्या मयताला येऊ नकोस." तो आला नाहीच. वर्षभरात तापाचं निमित्त होऊन तोच गेला. तेव्हापासून अहल्याबाईंना एकच ध्यास होता, त्यानं आपल्याला माफ केलं की नाही.

"अहल्यामाई," महाराजांनी हाक मारली. "श्रीहर्ष आला आहे. म्हणतो, आई, तुझ्या शिवणयंत्राच्या आवाजात मी अभ्यास केला. तुझा राग हीच माझी शिदोरी होती."

अहल्याबाई जागच्या जागी कोसळल्या. आत्मा आणखीही म्हणाला, की बसवनगुडीचं आपलं घर आश्रमाला दिलंस तर मला गती मिळेल. पुढच्या रविवारी कागद करायचे ठरले.

परतताना रिक्षात कावेरीनं विचारलं, "आई, तू मशीन कधी चालवलंस गं?"

"चालवलं की! तुझ्या झबल्याला काज केलं होतं."

"काज हातानं करतात आई. आपलं मशीन माळ्यावर आहे, त्यात उंदरांनी संसार मांडलाय."

"तू गप्प बस. सगळं तुझ्या पुस्तकात असतं काय? माझ्या लेकानं माफ केलं मला. स्वल्प सुख मिळालं तर तेही बघवत नाही तुला?"

कावेरीच्या डोक्यात चक्र सुरू झालं. आत्मे पीएच.डी.वाल्यांभोवतीच का फिरतात? पीएच.डी.वाल्यांकडे असं काय असतं, जे वॉचमनच्या पोराकडे नसतं? प्रबंध! विद्यापीठांनी हल्ली सगळे प्रबंध इंटरनेटवर टाकलेत. नाव घाला, प्रबंध हजर. आणि पहिल्या पानांत असतो ऋणनिर्देश. आयुष्यभर मनातलं न बोलणारा माणूस तिथं आई-बापांपासून मेलेल्या मित्रापर्यंत सगळ्यांची आठवण काढतो, कारण त्याला खात्री असते की हे कुणी वाचणार नाही.

घरी येताच तिनं लॅपटॉप उघडला. भावाचा प्रबंध तिला माहीत होता, पण तो 'एच. श्रीहर्ष राव' या नावावर. तीनशे वर्षं इथं राहून जाधवांनी इथलीच रीत उचलली होती. लग्नपत्रिकेत आणि देवापुढे पूर्ण मराठी नाव, कॉलेजात मात्र आडनावाला रजा. अहल्याबाईंनी महाराजांना देवापुढचं नाव दिलं होतं. पुण्याच्या माणसाला ही भानगड काय कळणार! कावेरीनं तेच पूर्ण नाव टाकलं. एक प्रबंध समोर आला, विषय मातीतले क्षार. ऋणनिर्देशात शिवणयंत्र होतं, राग होता, शिदोरीही होती. खाली लेखकाचा ईमेल होता. तिनं पत्र टाकलं आणि संध्याकाळी उत्तर आलं.

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. महाराजांनी हात वर केला. "श्रीहर्ष हणमंतराव जाधव! ये बाळा, आईला पुन्हा खूण दे."

"हजर," मागून आवाज आला. चष्मा लावलेला एक सावळा तरुण उठून उभा राहिला. "मीच श्रीहर्ष हणमंतराव जाधव. गाव उदगीर, नोकरी होसकोट्याच्या कारखान्यात. शिवणयंत्राचं मी लिहिलंय महाराज, पण मी अजून मेलो नाही. माझी आई ब्लाऊज शिवते. तिला हे कळलं तर कात्री घेऊन येईल."

कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांचा चेहरा पडला, पण तोंड चालूच राहिलं. "एक नाम, दोन देह... कधी कधी लहरींची सरमिसळ होते..."

"लहरींची नाही, इंटरनेटवरच्या शोधाची," कावेरी पुढे येत म्हणाली. "तनय, विठोजीबद्दल तुम्ही प्रबंधात लिहिलं होतं ना?"

तनय पांढरा पडला. "हो... पण ऋणनिर्देश कोण वाचतं?"

"महाराज वाचतात. आठवडाभर त्यांची नामशुद्धी चालते ती हीच." तिनं भिंतीवरच्या पडद्यावर तनयचं पान लावलं. विठोजीचं ते वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं होतं. महाराज मागच्या दारानं सटकले. काही भक्त कावेरीवरच डाफरले, "मॅडम, आम्हाला बरं वाटत होतं, तुमचं काय जात होतं?"

अहल्याबाई उठल्या नाहीत. सभागृह रिकामं झाल्यावर त्या म्हणाल्या, "आपल्या श्रीहर्षनं काय लिहिलंय गे? त्याचं वाच."

कावेरीनं ते पान केव्हाच वाचलं होतं. त्यात बाबा होते, ती स्वतः होती, अनुषा होती, कॅन्टीनवाले अप्पासाहेबही होते. खोटं बोलणं फार सोपं होतं. एक गोड वाक्य रचलं असतं, तर आई उरलेलं आयुष्य सुखानं झोपली असती. पण मग आपल्यात आणि त्या गादीवरच्या माणसात फरक काय?

"तुझं नाव नाही आई," ती म्हणाली.

अहल्याबाई सतरंजीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. मला अनुषाकडे घेऊन चल."

अनुषा इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्यानं राहायची. तिनं दार साखळीएवढंच उघडलं. अहल्याबाईंनी त्या फटीतूनच हात जोडले. "चुकलं माझं. त्याचंही आणि तुझंही मी वाटोळं केलं."

अनुषानं साखळी काढली नाही. "तीन वर्षं उशीर झाला," ती म्हणाली. "आज नको." आणि तिनं दार लावून घेतलं.

जिन्यात बसून अहल्याबाई रडल्या. गोड नव्हतं, पण त्यांना मिळालेलं ते पहिलं खरं उत्तर होतं. वाचकहो, मेलेली माणसं बोलत नाहीत. त्यांच्या नावानं कुणी बोलू लागलं, तर त्याला हे कुठून कळलं एवढं तरी विचारा, आणि तेच नाव स्वतः एकदा शोधून पाहा. माफी मागायची असेल तर जिवंत माणसाच्या दारात जा. ते तोंडावर बंद झालं तरी चालेल, उद्या पुन्हा वाजवता येतं.