तुपाची धार

मीनानं अरविंदच्या पुरणपोळीवर तुपाची धार धरली, ती तुटेचना. मोरेश्वर मास्तरांनी आपल्या पोळीकडे पाहिलं. तिला तूप लागलं होतं, एवढंच.

अरविंद मास्तरांचा शाळेतला सोबती. मुंबईत कॅन्सरवर संशोधन करणारा हा माणूस सत्त्याऐंशी सालच्या पोळ्याला पांढुर्ण्यात आला होता. कालपर्यंत या घरातलं विज्ञान म्हणजे मोरेश्वर मास्तर. बल्ब उडाला तरी मीना कारण त्यांनाच विचारायची.

"भाऊजी, तुम्ही तिथं नेमकं काय करून राहिले?"

मास्तर सांगायला सरसावले, तोच अरविंद म्हणाला, "वहिनी, आज गोटमार आहे ना? समजा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपण पांढुर्णेवाले. नदीपल्याड सावरगावचा दिसला की हाणला गोटा. पण कॅन्सर आपल्याच काठावर उभा असतो, आपल्याच चेहऱ्यानं. त्याला कोण हाणणार? म्हणून आम्ही त्या पेशी बाहेर काढतो, खाऊपिऊ घालून तापट करतो अन् परत आत सोडतो."

"किती सोपं करून सांगितलं बाप्पा," मीना म्हणाली.

मास्तर वीस वर्षं पांढऱ्या पेशी शिकवत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांत होणारी गोटमार त्याहून जुनी. दोन्हींची गाठ घालायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

"मग बरे किती झाले?" त्यांनी विचारलं.

"उंदीर बरेच. माणसं फार थोडी, तीही परदेशात."

मास्तरांना पोळी जरा गोड लागली.

दुपारी दोघं जाम नदीच्या काठी गेले. गोटे सुटले होते. अरविंद नदीकडे पाठ करून चारचौघांना पेशी समजावत होता, अन् गोटमार सोडून लोक त्याचं ऐकत होते. एखादा गोटा इथवर यावा, फार मोठा नको, असं मास्तरांच्या मनात आलं.

पल्याडून एक आलाच. मोठा होता.

आपण मध्ये कधी गेलो, हे मास्तरांना नंतर कितीही आठवून सापडलं नाही.

संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून ते पाटावर बसले.

"अहो, मध्ये काहून गेले तुम्ही?"

"पाय घसरला."

अरविंद खाली मान घालून पोळी कुस्करत राहिला.

मीनानं मास्तरांच्या पोळीवर तूप धरलं. तूप पोळीवरून ओघळून चटणीला भिडलं, तरी तिचा हात थांबेना.

मास्तरांनी पट्टी सावरली अन् घास मोडण्याआधी अरविंदच्या ताटात डोकावून पाहिलं.