गोदूबाईच्या मुड्याबद्दल निवेदन

मसुदा पहिला

«प्रभूच्या सेवकास दृष्टान्त झाला की, येत्या वैशाखी पौर्णिमेस, दुपारच्या ऐन भरतीला, प्रभू खाडीच्या मुखातून येईल. आपले निजलेले त्याच्याबरोबर येतील. मंडळीने रोपांसाठी राब भाजू नयेत. बियाणे राखू नये.»

अक्षर माझं आहे. मी हिरामण, रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या नऊ घरांच्या ख्रिस्ती मंडळीचा मास्तर. आठवडाभर पोरांना बाराखडी, रविवारी मंडळीची वही. सन १९३१. सेवक म्हणजे शिवदास. आधी मिशनचा उपदेशक होता. तिथे त्याचं पटलं नाही, म्हणून पांढरा कोट तेवढा घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, मिशनने माणसं ठेवली, आत्मा घालवला. आम्हाला आवडलं. मिशनचा साहेब वर्षातून एकदा यायचा, तोही नाकाला रुमाल लावून. शिवदास आमच्यात बसून सुकटीचं कालवण ओरपायचा.

आता दृष्टान्त कसा झाला ते सांगतो.

तो माझ्या ओटीवर बसला होता. कोलंबी सोलून खात होता आणि डोकी ओटीवरच टाकत होता.

"मास्तर, पावसाआधीची मोठी भरती कधी?"

मी खुंटीवरचं पंचांग काढलं. बाप्तिस्मा होऊन आम्हाला अकरा वर्षं झाली होती, पण पंचांग कुणी खाली उतरवलं नव्हतं. देव बदलला तरी भरती तिथीनेच येते. तिथी बघितल्याशिवाय आमच्याकडे कुणी खाडीत पाय घालत नाही.

"वैशाखी पौर्णिमा. दुपारी बारा-साडेबारा."

"दुपारी ना?" त्याने बोटं चोखली. "बरं झालं. रात्री लोक पेंगतात."

रविवारी तो उभा राहिला आणि म्हणाला, पहाटेच्या प्रार्थनेत वाणी झाली. मी दौत उघडली आणि लिहिलं, दृष्टान्त.

का बोललो नाही?

एक, मला वाटलं की वाणी पंचांगातूनही होऊ शकते.

दोन.

दोन नाही. एकही खरं नाही. तो म्हणाला होता, "मास्तर, तुमचं अक्षर काय मोत्यासारखं हाय," आणि मला बरं वाटलं होतं.

*

यादी

त्याआधीच्या दोन पावसाळ्यांत तापाने आमची अकरा पोरं गेली होती. शिवदास घरोघर फिरला. मी मागे वही घेऊन. भरतीबरोबर परत कोण येणार, त्यांची नावं लिहून ठेवायची होती.

आवडाबाईने दोन नावं सांगितली. सांगताना ती हसत होती. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

गोदूबाई विधवा. तिची एकच मुलगी होती.

"रतन लिवा. वय आठ. डाव्या पायाला भाजल्याचा डाग हाय, तो पन लिवा. येवड्या गर्दीत चुकामूक नको व्हायला."

मी डागही लिहिला.

*

जेवण

आमची शेती खाजणात, बांध घालून समुद्राकडून हिसकावलेल्या जमिनीत. मातीत मीठ आहे. तिथे आमचं तांबडं भातच उगवतं, दुसरं नाही. अलिबागच्या बाजारातलं पांढरं बियाणं टाकलं तर आठ दिवसांत पिवळं पडून कुजतं. म्हणून प्रत्येक घरात चुलीवरच्या माळ्यावर पेंढ्यात आवळून बांधलेला बियाण्याचा मुडा असतो. धुराने त्याला कीड लागत नाही. घरात खायला नसेल तर माणसं कंद उकडतात, उसनं मागतात, उपाशी निजतात. मुडा सोडत नाहीत. आमच्या आज्यांनी प्लेगात सोडला नव्हता.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी आम्ही आठ मुडे सोडले. गोदूबाई म्हणाली की तिच्या मुड्याला उंदीर लागला, फेकून दिला. कुणाला संशय आला नाही.

मुड्यांचे वेठ, पेंढ्याचे वळलेले दोर, कोयत्याने कापले. बाया रडल्या, मग गायल्या. भात कांडून तीन हंड्यांत शिजवला. बियाण्याचा भात मी पहिल्यांदाच खाल्ला. चव नेहमीच्या भातासारखीच होती. मला वाटलं होतं, वेगळी असेल.

शिवदास चार वेळा जेवला. तांबडी पेज त्याच्या दाढीतून कोटावर ओघळली. ढेकर देऊन तो म्हणाला, "उद्याची चिंता करू नका." मग लवंडला, आणि त्याच्या उघड्या तोंडावर माश्या बसल्या. काशी म्हातारी पदराने त्या माश्या वारत बसली.

*

भरती

बाराला आम्ही सगळे बांधावर. धुतलेले कपडे. पोरांच्या डोक्यावर तेल. पाणी चढत चढत आलं, दर पौर्णिमेला जिथवर येतं तिथवर आलं. मधोमध काहीतरी पांढरं तरंगत आमच्याकडे येत होतं. आवडाबाई पाण्यात धावली, कमरेपर्यंत.

फुगलेलं कुत्रं होतं.

ते बांधाला लागलं, फिरलं, पुन्हा लागलं. मग पाणी उतरायला लागलं आणि कुत्र्याला घेऊन गेलं. आम्ही चिखलाकडे बघत उभे. शिवदासने डोळे मिटले होते. मी त्याच्या अगदी शेजारी होतो. पापण्या हलत होत्या. तो विचार करत होता.

*

मसुदा दुसरा

«प्रभू ठरल्या वेळी खाडीच्या मुखाशी आला होता. परंतु मंडळीत आखान आहे, म्हणून तो माघारी फिरला.»

आखान म्हणजे शास्त्रातला तो माणूस, ज्याने देवाला वाहिलेली लूट आपल्या तंबूत पुरून ठेवली आणि त्याच्यापायी सगळे हरले. आखान आमच्या पोरांनाही पाठ होता. शिवदास म्हणाला, "घरं शोधा." संध्याकाळच्या आत शोधली.

गोदूबाईच्या लाकडाच्या ढिगामागे मुडा निघाला. आवडाबाईनेच ओढून काढला. तिचं लुगडं अजून ओलं होतं.

"माझी दोन पोरं तू आडवलीस गो! दारापातूर आल्याली माझी पोरं!"

"वैनी, मी…"

"वैनी म्हनू नको मला!"

शिवदासने हात वर केला. आवाज मऊ.

"गोदूबाई, शंका आली होती का?"

"शंका न्हाय, सेवकदादा. रतन येनार म्हनून तर ठेवला. वरीसभर मातीत उपाशी पोर. पौर्नीमेला आली आसती, पन फुडं पावसाळ्यात तिला घालू काय? पेरायला नको?"

मंडळीत कुणीतरी हुंदका दिला. मला वाटलं, आता हा गप्प बसेल. नऊ घरांत खरोखर विश्वास ठेवणारी ती एकटी निघाली होती. बाकीच्यांनी येणाऱ्या पोरांच्या जेवणाचा विचारही केला नव्हता.

"बघा," शिवदास म्हणाला. "सैतान आईच्या मायेतूनसुद्धा बोलतो."

मुड्यातला पेंढा उपसून त्याचा वेठ वळला आणि तिच्या गळ्यात घातला. तीन रविवार तिने प्रार्थनाघराच्या दाराशी गुडघे टेकायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, "तुमच्या मानसाला मी परत धाडलं." ती सांगायची. पहिल्या रविवारी सांगताना रडली. दुसऱ्या रविवारी रडली नाही. तिला ते पटलं होतं. तिसऱ्या रविवारी माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, रतनलापन मीच परत धाडलं." मी मान हलवली आणि आत जाऊन वही उघडली.

शिवदास आत जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून जायचा. बोटांना खोबरेल असायचं.

*

रोहिणी लागल्या. आजूबाजूच्या हिंदू वाड्यांत राब भाजून काळे झाले होते. आमच्याकडे नुसतं सुकं गवत. आमच्यातला येसाजी दोन वाड्या फिरून तांबडं बियाणं मागून आला.

"काय म्हनाले?"

"म्हनाले, तुमचा देव भरतीला येनार व्हता ना, त्याच्याकडं माग."

"आनि?"

"आनि हसले. आनि काय?"

मग सगळ्यांना मुडा आठवला. शिवदासने तो प्रार्थनाघरात, वेदीच्या मेजाखाली ठेवला होता. शापित वस्तू म्हणून कुणी हात लावत नव्हतं. आता लोक मेजाखाली वाकून बघायला लागले. वाटून घेतला तर प्रत्येकाला थोडं थोडं येणार होतं, निदान पुढच्या वर्षीच्या बियाण्यापुरतं.

आवडाबाईच गोदूबाईच्या दारात गेली. मी बरोबर होतो.

"तुजा मुडा हाय. तू व्हय म्हन."

"घ्या की," गोदूबाई म्हणाली. "मला कशाला पायजे? पन एक हाय. प्रभू येनार त्या दिवसाचा हिशोब कुनी मांडला, ते त्याला समद्यांसमोर सांगू दे. तो चुकला आसंल तर चुकलो म्हनू दे. नसंल चुकला, तर मुडा घ्या, आनि हे गळ्यात मी मरस्तवर घालते."

"त्याला आसं विचारायचं? सेवकाला?"

"मला विचारलंच ना?"

*

मसुदा तिसरा

शिवदासने ऐकून घेतलं. मग मला म्हणाला, "लिहा."

«प्रभूची योजना अगाध आहे. एका पापी स्त्रीच्या अवज्ञेतूनही त्याने आपल्या लोकांसाठी बियाणे राखले. जशी योसेफाने मिसरात धान्याची कोठारे राखली.»

"म्हणजे मुडा ठेवणं बरोबर होतं?" मी विचारलं.

"देवाचं बरोबर होतं. तिचं पाप होतं."

"आणि तारीख?"

"कुठली तारीख?"

त्याने हे इतक्या सहज विचारलं की क्षणभर मलाही आठवेना. वहीचं पान उलटून बघावं लागलं. मग ती सहजता माझ्या अंगावर कोलंबीच्या सालीसारखी चिकटली. मी घरी येऊन हात धुतले. पुन्हा धुतले. पंचांग खुंटीवर होतं.

*

रविवार

तिसरा मसुदा मी वाचायचा होता. वाचला नाही.

मी तिन्ही पानं एकामागोमाग एक वाचली. मग पंचांग वर धरलं आणि म्हणालो की, तारीख यातून निघाली. पावसाआधीची मोठी भरती शिवदासने मला विचारली, मी सांगितली. तो माझ्या ओटीवर कोलंबी खात होता. पहाटेची वाणी झाली नाही. मला माहीत होतं आणि मी दृष्टान्त असं लिहिलं. मी चुकलो. तोही चुकला. गोदूबाई चुकली नाही.

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. निदान त्याला शिवी घालेल. येसाजीने शिवदासकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. आठ मुडे खाल्लेली माणसं, त्याने काय करावं हे त्यालाच विचारत होती.

शिवदास उठला. डोळ्यांत पाणी. खरं पाणी, मी जवळून पाहिलं.

"हिरामण मास्तरांनी आज आपला अपराध कबूल केला," तो म्हणाला. "केवढं धैर्य! आपण त्यांना क्षमा करू या का?"

"करू या!" मंडळी म्हणाली. त्यात सुटका होती. दावणीतून गुरं सुटावीत तशी ती ओरड होती.

"पंचांगावर विश्वास ठेवल्याचं पाप त्यांना सोडून देऊ या का?"

"देऊ या!"

त्याने वाटी मागवली आणि माझ्या कपाळावर तेल ओतलं. ते भुवयांतून डोळ्यांत आलं, नाकाच्या शेंड्यावरून ओठावर आलं. खवट होतं. माझ्या भोवती बाया गात होत्या. काशी म्हातारीने माझा हात दाबला आणि म्हणाली, "मास्तर, व्हतं आसं." आवडाबाई गात नव्हती. ती मेजाखाली वाकली आणि मुडा बाहेर ओढला. मग सगळे वाकले. गाणं चालूच. पायल्या आधीच आणून ठेवल्या होत्या, ते मी तेव्हा पाहिलं. गोदूबाईचं "व्हय" कुणी विचारलं नाही.

ती दाराशीच होती. गळ्यातला वेठ तिने काढला होता. माझ्या मागोमाग बाहेर आली. मी सदऱ्याने डोळे पुसत होतो.

"मास्तर, मंग रतन माज्या मुड्यापायी माघारी गेली न्हाय?"

"नाही, गोदूबाई. मुड्याचा काही संबंध नाही."

तिचा चेहरा हलका झाला. मी तो पाहिला. मला वाटलं, एवढं तरी मी केलं.

मग ती पुढे बोलली.

"म्हंजे ती खाडीपातूर आलीच नव्हती."

मी पुन्हा सदऱ्याने डोळे पुसले.

"यायचीच नव्हती."

"नव्हती."

आत गाणं संपलं आणि भात मोजण्याचा आवाज सुरू झाला. लाभ, दोन, तीन; धान्य मोजताना एकाला लाभच म्हणायचं. ती वेठाचा पेंढा सोडत उभी होती, एकेक काडी वेगळी करत. पेंढ्यात अडकलेले काही दाणे निघाले. ते तिने पदरात घेतले, मोजले नाहीत.

"त्या दिशी वहीत तिचा डाग लिवलात," ती म्हणाली. "लिवताना तुम्हाला ठावं व्हतं."

"होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वाट बघत होतो. क्षमेची बघत होतो, हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. आत मिळालेली पुरली नव्हती.

ती पदर सावरून बांधाच्या बाजूला निघून गेली. तिच्या खाचरात त्या वर्षी एका कोपऱ्यात, चटईएवढ्या जागेत, तांबडं भात उभं होतं. बाकीच्या आठ घरांचं भातही उभं होतं, आणि ऑक्टोबरात शिवदासने त्याबद्दल उपकारस्तुतीचं जेवण ठेवलं.

निवेदन लिहायला त्याने मलाच बोलावलं.