दारापुढचं हिरवं गवत

माझ्या नवऱ्याने, निमिषने, दूर वाळवंटातल्या फिनिक्समधलं घर आमच्या कॅरी गावातल्या घरी सोफ्यावर बसून ऑनलाइन घेतलं. दार पूर्वेला, शाळेचं रेटिंग झक्कास, शेजारी मराठी कुटुंब. कॉलनीचे नियम मात्र कोण वाचणार!

“आणि अन्वीच्या दोन्ही घोड्या?” मी लेकीच्या काळजीने निमिषला विचारलं.

“तिथे तबेला बुक केलाय. अगं, व्हिसा नोकरीवर आहे आणि नोकरी आता तिकडे, जावं तर लागणारच.”

आम्ही फिनिक्सला पोचलो, पण घोड्यांचा ट्रेलर वाटेत असतानाच तबेलेवाल्याने बुकिंग कॅन्सल केलं. बाकी सगळीकडे वेटिंग लिस्ट. घोडे पाळता येतात त्या भागातली घरं आमच्या सात पिढ्यांना परवडायची नाहीत. ट्रेलरवाला दोघींना आमच्या दारात उतरवून निघून गेला. मी सवयीने भाकरतुकडा ओवाळला, त्यांच्या पायांवर पाणी घातलं. ते बघता बघता वाळलं.

तेवढ्यात कॉलनीची मॅनेजर आली. इथे घोडे चालत नाहीत, लगेच हलवा, म्हणाली.

“कुठे हलवू? डोक्यावर घेऊ?” मी मराठीतच ओरडले. ती गोड हसली. निमिष फोनवर फोन लावत होता, कोणी उचलत नव्हतं.

दोघींतली म्हातारी घोडी, हनी, मात्र खूश होती. इतका प्रवास उभ्याने केल्यावर तिला दारापुढे हिरवंगार गवत दिसलं होतं. तिने घास ओढला, चावला आणि थांबली.

“मॉम, इट्स प्लास्टिक!” अन्वीने रडत तिच्या तोंडात हात घालून ते बाहेर काढलं.

हनीने तिच्याकडे पाहिलं. मग जराशी पुढे सरकून, तिथलं तरी खरं असेल म्हणून, पुन्हा मान खाली घातली.