दारातला सराव

कौमुदीताई रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत इतकी मागे असायची, की सगळ्यांच्या शेवटी येणाऱ्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर तिला नावाने ओळखायचा. शेवटी बाबांनी जाहीर केलं, "शुक्रवारी ट्रॅकवर जिंकलीस तर क्लबच्या संघात. हरलीस तर सायकल बाल्कनीत. कपडे वाळत घालायला."

आईने लगोलग चिमटे आणले. सायकलच्याच रंगाचे.

"आई, निदान शर्यत तरी होऊ दे!"

"अगं, सेल होता."

ट्रॅकवरची स्प्रिंट हा विचित्र प्रकार आहे. दोघीच असतात. पुढचीला वारा कापावा लागतो, मागची तिच्या आडोशाने येते आणि ऐनवेळी सटकते. म्हणून वेगाच्या या शर्यतीत दोघीही मध्येच जागच्या जागी थांबतात. तू आधी, नाही, तूच आधी. पाय टेकला की बाद. किती वेळ थांबायचं याला आमच्या क्लबात मर्यादा नव्हती. तशी गरज पडेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

थांबण्यात मात्र ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. इथे आखातात, जाब्रिया भागात राहणाऱ्या पद्मजामावशीकडे जेवण उरकलं, की आई पर्स खांद्याला लावून म्हणायची, "चला, निघतो." इथून खरी बैठक सुरू व्हायची. दारात, चपला घालून. लोणच्याची कृती, कोणाचा व्हिसा, कोणाचं पित्त. ताई अंगणात सायकलवर, पाय न टेकता उभी. रस्त्यावरून बाबांनी गाडीचा हॉर्न दिला की ती सुसाट सुटायची. कारण आणखी उशीर झाला तर बाबा स्वतः आत येत, आणि मावशीचे यजमान त्यांना चहाला बसवत.

शुक्रवारी समोर युसरा होती, क्लबातली सगळ्यात वेगवान मुलगी. शेवटच्या फेरीत दोघी थांबल्या. ताई शांत. मी निर्धास्त. पण युसराही हलेना. पंचांनी बसायला खुर्ची मागवली. मग सूर्य मावळला.

मी घाबरून शेजारी पाहिलं. युसराची आई पर्स खांद्याला लावून मैत्रिणीला "यल्ला, मआ सलामा" म्हणत होती. निरोपाचं हे बोलणं शर्यतीच्या आधीपासून चालू होतं.

"आई, संपलं सगळं. तिलाही हाच क्लास लागलाय."

"कसला क्लास?"

"तुझा."

"गप्प बस. आणि तो स्कार्फ कुठून घेतला, विचार त्यांना."

तेवढ्यात बाहेर गाडीत एसी लावून बसलेल्या बाबांचा धीर संपला. हॉर्न वाजला.

ताई सुटली. डावपेच नाही, काही नाही; सवय. युसरा बघतच राहिली. तिचे बाबा बहुधा अशा वेळी आत निवांत कॉफी पीत बसत असावेत. ती भानावर येऊन पेडल मारेपर्यंत ताईने रेषा ओलांडली होती.

बाबा आत आले. "झालं का? मी आपलं निघू या म्हणून वाजवला."

"जिंकली ती! संघात घेतलं!"

"अरे वा," बाबा म्हणाले. "मग कपडे?"

फाटकापाशी दोन्ही आया निरोप घेऊ लागल्या. एकीला अरबी येत नव्हतं, दुसरीला मराठी. बोलण्यात त्यामुळे जराही खंड पडला नाही. दोन्ही मुली शेजारी सायकलवर, पाय न टेकता.

बाबांनी गाडीत बसून पुन्हा हॉर्न दिला.

या वेळी युसरा आधी सुटली.