शास्त्रीबुवांचं बोट

"थांबा!" यज्ञेश्वरशास्त्र्यांनी पोथीच्या पानावर बोट ठेवलं. "इथं ह्रस्व हवा. दीर्घ पडलाय."

सभामंडपात उसासा उठला. नदीकाठच्या त्या देवळात पुण्यातले शास्त्री निर्णयाला जमले होते. पायरीशी हडपसरचा गेनबा मुंडासं गुडघ्यावर घेऊन बसला होता. त्याच्यामागे, पदर पुढे ओढून, त्याची भावजय सरुबाई. गेनबाचा थोरला भाऊ पानिपतावर गेला तो गेलाच. पडताना पाहिला म्हणणारा कुणी भेटला नाही, जिवंत पाहिला म्हणणाराही नाही. बारा वर्षं कधीच उलटली होती. पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावं, भावाला गती मिळावी, एवढंच गेनबाचं मागणं. शास्त्र्यांनी हो म्हटलं की सरुबाईचं कुंकू पुसलं जाणार होतं.

"अहो, अर्थ कुठं बदलतो त्यानं?" गोपाळकृष्णशास्त्री म्हणाले.

"आज नाही बदलत. उद्या हिच्यावरून कुणी नक्कल करील, तिच्यावरून तिसरा. चौथ्याच्या हाती स्मृतिकाराचं नव्हे, लेखकूचं शास्त्र येईल. अशुद्ध पाठावर निर्णय नाही. वाईची पोथी मागवा."

"मागच्या खेपेला पैठणची मागवलीत."

"तीत अनुस्वार गळला होता."

"यज्ञेश्वरशास्त्री, यम न्यायला येईल तेव्हा त्याच्या पाशातला 'श' तेवढा तपासून घ्या हो."

मंडप हसला. शास्त्रीही हसले. बोट मात्र हललं नाही, आणि सभा उठली.

चूक खरीच असे, हे त्यांना हसणारेही मान्य करत. नसलेली चूक काढणं त्या माणसाच्या हातून होणं नाही. घरी मुक्ताबाई पानं मांडून बसत, आमटी निवून जाई, आणि हे ओसरीवर दोन पोथ्या शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवत. "आमटीत मीठ नसलं तर यांना कळत नाही," मुक्ताबाई म्हणत, "मात्रा नसली की घास अडकतो."

पायरी उतरताना शास्त्र्यांनी सरुबाईच्या कपाळाकडे एकदा पाहिलं, आणि ते चालू लागले.

वाईची पोथी आल्याचा निरोप मिळाला, तशी दीर-भावजय पुन्हा पुण्यात आली. त्या संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. बुवांनी रणात पडलेल्या वीराचं आख्यान लावलं होतं. रंगात आलेली झांज त्यांनी एकदम थांबवली. "त्याचा जीव, बरं का मंडळी, नदीकाठी उभा आहे. समोर भरली नदी. पण ओंजळ करायला हात कुठे आहेत? आपलं माणूस येईल, पाणी देईल, म्हणून वाट बघतोय." मृदंगावर नुसती बोटं फिरली. बाप्यांनीही डोळे पुसले. बायकांत बसलेली सरुबाई रडली नाही.

सकाळी ती शास्त्र्यांच्या ओसरीशी येऊन उभी राहिली.

"शास्त्रीबुवा, वाईची पोथी आली म्हनं."

"आली आहे. तीतही असेल काहीतरी."

"असंल. तुमास्नी घावंल बी. माझ्या कपाळापायी बोट ठिवता तुमी. मला कळत न्हाई व्हय? लई उपकार झालं. पर आता ठिवू नगा."

"बाई, चूक ती चूक..."

"त्ये तहानलेलं असत्याल वो."

आतून मुक्ताबाई करंडा घेऊन आल्या आणि त्यांनी सरुबाईला कुंकू लावलं. ठसठशीत, जरा मोठंच.

सभेत शास्त्र्यांनी स्वतः पोथी वाचायला घेतली. तोच शब्द आला. दीर्घ इथंही तसाच होता. शेजारी बसलेल्या गोपाळकृष्णशास्त्र्यांना तो दिसला आणि त्यांनी सवयीनं बोटाकडे पाहिलं. बोट ओळीबरोबर पुढे सरकत गेलं. पान संपलं.

गोपाळकृष्णशास्त्र्यांनी ओठांवर आलेलं गिळलं. "पाठ शुद्ध आहे," ते खाली बघत म्हणाले.

पुतळ्याचं दहन झालं. गेनबा ओंजळीत तीळपाणी घेऊन मुठा नदीत उभा राहिला. विधी सांगायला शास्त्री स्वतः पाण्यात उतरले होते.

"मृताचं नाव?"

गेनबाच्या तोंडून नाव बाहेर येईना. मग काठावरून आवाज आला. उखाण्यावाचून तिनं ते कधी घेतलं नव्हतं.

"इसनाथ."

ज्यांच्यापुढे वैदिकही जपून बोलत, त्या शास्त्र्यांनी तिनं घेतलं तसंच ते नाव घेतलं, "इसनाथ." गेनबाची ओंजळ त्यांनी तिरकी केली. पितरांचं पाणी अंगठा आणि तर्जनीमधून सोडायचं असतं. ती जागा आपल्या बोटानं दाखवली. धार लागली.

"सावकास, भावजी," सरुबाई म्हणाली, "पोटभर पिऊ द्या."